वरच्या मजल्यावरची किमची

आमच्या वरच्या मजल्यावर कोरियाहून आलेली एक बाई राहते. तिचा नवरा इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मराठी ती शहागंजच्या भाजीवाल्यांकडून शिकली, म्हणून 'हो'च्या जागी ठसक्यात 'व्हय' म्हणते. साधी मिठाची पुडी दिली तरी दोन्ही हातांनी घेते.

माहेरी तिनं कधी स्वयंपाक केला नव्हता. किमची, म्हणजे त्यांच्याकडचं कोबीचं तिखट लोणचं, ती इथं आल्यावर फोनवर आईला विचारून घालायला लागली. आमच्या उन्हाळ्यात ते दोनदा आंबून फुकट गेलं. "मला नाय जमत, ताई," म्हणाली आणि आठवडाभर खाली उतरली नाही. शेवटी मीच वर गेले आणि तिसरी बरणी ओल्या वाळूत ठेवायला लावली.

तिसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन आली. माझ्यासमोर आईला फोन लावला आणि फोन तोंडाशी धरून कोबीचं पान कचकन चावलं. पलीकडून म्हातारीचं खळखळून हसणं ऐकू आलं, मग ती त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली.

"काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"कचकन वाजलं, म्हणजे बरोबर झालं म्हणते," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि खायला इकडं येते म्हणते, ताई!"