वरच्या सरांचं संशोधन

अक्षर गिचमिड आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ मला चौथीतही जमलं नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. पण आमच्या वर भाड्यानं राहणाऱ्या सरांसारखा माणूस अख्ख्या चिकलठाण्यात दुसरा नव्हता, हे मात्र खात्रीनं लिहिते.

सर निवृत्त मुख्याध्यापक. एका खाजगी शाळेनं त्यांना शिक्षकांचे वर्ग बघून गुण द्यायला ठेवलं होतं. तोंडी सदा एकच, "संशोधन सांगतं." रात्री आमच्याकडं जेवायचे. संशोधन सांगतं म्हणून एकच भाकरी, दुसरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. संशोधन सांगतं म्हणून गुडघ्यांसाठी जिना उलटा उतरायचा. एकदा दूधवाला वर येत होता. सर, दूधवाला आणि दूध, सगळंच खाली आलं. कपाळाला टेंगूळ, तरी म्हणाले, "त्यानं पण उलटं चढायला पाहिजे होतं."

माझी लेक त्याच शाळेत पहिलीला शिकवते. नोकरी कच्ची होती. सरांचे गुण बरे आले तरच पुढं ठेवणार होते. सर तिच्या वर्गात जरा वेळ बसून आले आणि संध्याकाळी आमच्याकडं चहा पिताना खाली बघत म्हणाले, "पोरगी गुणी आहे, पण फार बोलते. चांगला शिक्षक कमी बोलतो, संशोधन सांगतं. मी तरी काय करू?" लेक उठून आत गेली.

सासूबाईंना इतके दिवस वाटायचं, संशोधन म्हणजे सरांचा साहेब. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या संशोधनाला एकदा जेवायला आणा की. आमची नात लई बोलती, व्हय. पण त्यानं तिला कधी ऐकलंय का?"

सर हसले नाहीत. "नाही," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गुणांचा कागद न घेता वर्गात गेले आणि शाळा सुटेपर्यंत पोरांच्या सतरंजीवर बसले. शेजारच्या पोरीनं विचारलं, "तुमचं नाव आजच घातलं का?" लेक गोष्ट सांगत होती. त्यातलं कोकरू हरवलं, तर सगळ्यांच्या आधी सरच म्हणाले, "मग सापडलं का?" त्यांनी गुण वाढवले. नोकरी राहिली.

पुढं सर पिशोरला, आपल्या गावी राहायला गेले. परवा रात्री अचानक आले. दारातूनच म्हणाले, "आजी, संशोधन आलंय जेवायला."

सासूबाईंना आता धड दिसत नाही. त्यांनी हात धरून जवळ बसवलं. "ये बाबा. किती वाट बघायची तुझी? मास्तर नाय आले का संगं? लई भला माणूस, पण तुझं लई ऐकायचा."

मी दुसरी भाकरी वाढली, तेव्हा हात आडवा आला नाही. खाली मान घालून सर जेवत राहिले.