दुःखाचं बक्षीस

गोष्टीवाले व्हिडिओ गेम मला आवडतात, आणि परवापर्यंत एक तर फारच आवडायचा. त्यात नायकाची बायको सुरुवातीलाच मरते. मग तो डोंगरदऱ्या तुडवतो, मार खातो, आणि प्रत्येक जखमेमागे त्याला एक नवी ताकद मिळते. शेवटी एक म्हातारा सांगतो, दुःखानंच तुला घडवलं. ते ऐकून माझे डोळे भरून यायचे. आता तो गेम आठवला तरी मळमळतं.

माझे दाजी लोणीला विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि स्टार्टरचा शॉक लागून जागीच संपले. दशक्रियेला घाटावर मांडव, माईक, खुर्च्या. श्रद्धांजलीसाठी पुढाऱ्यांची रांग. निम्म्यांनी दाजींचं नाव शेजाऱ्याला विचारून घेतलं. प्रवचनाला आलेले बुवा म्हणाले, देव आवडत्या माणसाला लवकर नेतो, आणि दुःख भोगल्याशिवाय माणसाचं सोनं होत नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्या ताईकडे हात केला. मला शिसारी आली. गेममधला म्हातारा निदान खोटा तरी होता.

मग गुरुजींनी पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून राहिले, शिवेनात. म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं आमच्याकडे धरतात, आणि एकेक जण पुढं होऊन शब्द देतो.

"वैनीला अंतर देणार न्हाई," दीर म्हणाले.

"पोरींचं शिक्षान आमी करू," सासरे म्हणाले.

कावळा हलेना. गेममध्येही हेच चालतं; बरोबर वाक्य निवडलं की दार उघडतं. इथं सगळा घाट ते वाक्य शोधत होता. शेवटी चुलत सासूनं ताईला पुढं केलं.

"तू बोल गं. खंबीर ऱ्हाईन म्हन. त्याच्यासाठीच थांबल्यात ते."

माईकवाल्यानं लगबगीनं माईक तिच्या तोंडासमोर धरला. दहा दिवसांत तिला धड रडूही दिलं नव्हतं या लोकांनी.

ताईनं माईक हातानं बाजूला केला.

"त्यांची इच्छा मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "घरी येऊन जेवायचं व्हतं त्यांना. दुसरं काय न्हाई."

मग ती गुरुजींकडे वळली.

"दर्भाचा कावळा करून शिवून घ्या, गुरुजी. पोरी सकाळधरनं उपाशी हायेत."