एक डिग्री जास्त

आमच्या गाडीचं इंजिन पेट्रोलमुळे गेलं नाही, माझ्यामुळे गेलं. दादा सगळ्यांना पेट्रोलचंच कारण सांगतात आणि लोक मान डोलावतात, कारण ग्वाल्हेरात पेट्रोलला शिव्या घालायला कुणाला पुरावा लागत नाही. मी तिथेच बसलेली असते आणि चहा पिते. म्हणून एकदा लिहून टाकते, निदान कागदावर तरी.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. आमच्या घरात थोरल्या भावाला अहो-जाहो करतात आणि त्याच्या बोलण्यात चूक काढत नाहीत. पणजोबा फौजेच्या पागेवर होते असं सांगतात, तेव्हापासूनची ही शिस्त असावी. घोडे गेले, पागा गेली, शिस्त तेवढी उरली. दादांनी आयुष्यभर सरकारी खात्यात पुलांचे नकाशे काढले. पण जयेंद्रगंजातल्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात त्यांचं खरं आयुष्य उभं होतं. एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी, चार दरवाज्यांची, कुणी वळून बघणार नाही अशी. बॉनेट उघडलं की मात्र माणूस गप्प व्हायचा. इंजिन दादांनी तीनदा खोलून पुन्हा बांधलं होतं. त्याला टर्बो लावला होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. मागच्या सीटा, गालिचे, दारांच्या आतले पुठ्ठे, सगळं काढून टाकलं होतं वजन कमी करायला. आत बसलं की डब्यात बसल्यासारखं वाटायचं.

मी थाटीपुरला सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहते. लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल इथे काही नाही. दर रविवारी सकाळी स्कूटरने दादांकडे जायचं, गाडी घेऊन बायपासवर जायचं आणि दुपारी शर्यत असली तर त्यांच्याकडेच टीव्हीसमोर बसायचं, हा माझा आठवडा. मला गाड्यांचं वेड आहे का, ते मला आजही सांगता येणार नाही. दादांना होतं, आणि मला दादांचं.

शर्यतींचं त्यांचं वेड जुनं. दिल्लीच्या पलीकडे मोठा ट्रॅक झाला आणि मोटारींची जागतिक शर्यत मोजकी वर्षं तिथे आली, तेव्हा दादा एकदा जाऊन आले. दोन दिवस त्यांच्या कानांत शिट्ट्या वाजत होत्या आणि स्वारी खुशीत होती. पूर्वी टीव्हीसमोर डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठली गाडी गेली ते सांगायचे. मग पुढे शर्यतीतली इंजिनं बदलली, आवाज बसका झाला, जगभरचे शौकीन कुरकुरले, आणि दादाही कुरकुरले. म्हणायचे, आता काय ऐकायचं, गाड्या मुक्या झाल्यात. आवाज वाढवायला सांगायचे. आम्ही वाढवायचो. वहिनी वैतागून गच्चीवर जायच्या. त्या तक्रारीच्या आड खरी गोष्ट किती वर्षं लपली असेल, देव जाणे.

आता बायपासवरचं काम सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. इंजिनात पेट्रोलला ठिणगी नेमकी कधी द्यायची ते डिग्रीत मोजतात. ठिणगी थोडी आधी दिली की ताकद वाढते. आणखी आधी दिली की आणखी वाढते. मग एक हद्द येते. तिच्यापुढे गेलात की पेट्रोल भलत्या वेळी फुटतं आणि पिस्टनवर हातोडे बसायला लागतात. त्याचा आवाज येतो, बारीकसा, पत्र्याच्या डब्यात कोरडे वाटाणे हलवावेत तसा. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. दिल्लीची पोरं हे मशिनने पकडतात. दादांना मशिन पसंत नव्हतं. त्यांनी इंजिनावर तांब्याची नळी कसली होती, तिला रबराची नळी जोडून आत आणली होती आणि तिच्या टोकाला डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप. तो कानात घालून ते गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेटायचे आणि मग निकाल द्यायचे: "साफ," किंवा "आला."

चारेक वर्षांपूर्वी त्यांनी नळीला मध्येच फाटा काढला आणि दुसरा स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला. म्हणाले, तूही शीक. लॅपटॉप माझ्या मांडीवर असायचा. दादा "साफ" म्हणाले की मी एक डिग्री वाढवायची, "आला" म्हणाले की कमी करायची. गाडी रेटत असताना बोलायचं नाही, हा नियम, कारण बोललं की ऐकण्यात घोळ होतो. मी गप्प बसून ऐकायचे. पहिल्या वर्षी मला काही कळायचं नाही. मग कळायला लागलं, आणि मला वाटाणे ऐकू आले की पुढच्याच क्षणी दादा म्हणायचे, "आला." दर वेळी. मला इतका आनंद व्हायचा की विचारू नका. वाटायचं, आपला कान दादांच्या कानाला जाऊन मिळाला.

गेल्या हिवाळ्यात त्या ट्रॅकवर हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवायला एक दिवस मिळणार होता. दादांनी नाव नोंदवलं. गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत उन्हाळ्यात संपणार होती, आणि इतकं बदललेलं इंजिन बघून कुणी पुढची मुदत दिली नसती. म्हणजे जे काही व्हायचं ते याच हिवाळ्यात. नोकरी संपलेली, मुलगा परदेशात, वहिनींचं गुडघ्यांचं दुखणं. त्यांना त्या ट्रॅकवर, जिथे त्यांनी लांब स्टँडमध्ये बसून जगातल्या गाड्या बघितल्या होत्या, तिथे एकदा स्वतः बांधलेल्या गाडीत पूर्ण फेरी मारायची होती. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

त्याआधीच्या महिन्यात एका रविवारी कडाक्याची थंडी होती. मी स्कूटरवर येताना डोळे सोडून भुवयांसकट सगळं तोंड ओढणीने बांधलं होतं, ते गाडीतही तसंच ठेवलं. आम्ही रेटली. वाटाणे वाजले. बारीक नाही, चांगले खडखडले. मी दादांच्या "आला"ची वाट बघत होते.

"साफ," दादा म्हणाले. "एक डिग्री अजून दे."

मला आधी वाटलं, मीच चुकले. मग दुसऱ्यांदा रेटली आणि पुन्हा तेच. त्यांना ऐकू येत नव्हतं. मग गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, दादा बाजूलाच बसलेले. फोन वाजत राहायचा. वहिनी पाठमोऱ्या काही बोलल्या की दादा "काय?" म्हणायचे आणि वहिनी म्हणायच्या, यांचं लक्ष गाडीत. मीही तेच म्हणायचे.

सांगायला हवं होतं. तोंड उघडून म्हणायला हवं होतं की दादा, थांबा, वाजतंय. पण ते सांगणं म्हणजे त्यांना सांगणं की तुमचा कान गेला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर कानाच्या जोरावर इंजिनं बांधली त्याला हे मी, त्याच्या धाकट्या बहिणीने सांगायचं. मी मूग गिळून बसले. डिग्री वाढवल्याचं नाटक केलं आणि उलट दोन डिग्री कमी करून लॅपटॉप मिटला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. ठरवलं, ट्रॅकचा दिवस होईपर्यंत असंच सांभाळू. दादांना कळणारही नाही, इंजिनही वाचेल. माझ्यासारखी समजूतदार बहीण कुणाला मिळते.

शेवटच्या रविवारी ऊन होतं. ओढणी नव्हती. दादांनी त्या दिवशी स्वतः पडद्यावर नजर टाकली आणि आकडा बघून चक्रावले. म्हणाले, हा इतका खाली कसा आला? मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी मला स्वतःसमोर आधीचा आकडा टाकायला लावला. रेटली. वाटाणे वाजले.

आता माझ्या तोंडावर काही दिसलं तर दादांना कळणार की मला काहीतरी ऐकू आलं जे त्यांना आलं नाही. म्हणून मी तोंड दगडासारखं ठेवलं. समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आयुष्यात इतकं चांगलं सोंग मी कधी केलं नसेल, लग्नातही नाही.

"साफ," दादा म्हणाले. "एक डिग्री अजून. बस, हो जाएगा."

ती डिग्री मी दिली. माझ्या बोटाने. घरी गेल्यावर गुपचूप कमी करू असा हिशेब होता. पण शेडमध्ये पोचल्यावर दादांनी लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलला, मिटला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. म्हणाले, आता हात लावायचा नाही, जमलंय. त्यानंतर ट्रॅकला जायला पाच दिवस होते. पाच दिवस मी ऑफिसात फायली सरकवल्या आणि रोज ठरवलं की आज संध्याकाळी फोन करू. फोन केलाही. हवापाण्याचं बोलले आणि ठेवला.

ट्रॅकवर चालवणाऱ्याशिवाय कुणाला गाडीत बसू देत नव्हते. मी पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवतात त्या जागेच्या, भिंतीपाशी उभी होते. पहिली फेरी दादांनी हळू घेतली, टायर गरम करायला. दुसऱ्या फेरीत ते त्या लांब सरळ पट्ट्यावर आले आणि पूर्ण रेटली. बायपासवर आम्ही दहा-बारा सेकंद रेटायचो. इथे पट्टा संपतच नव्हता. मी मनात म्हणत होते, सोडा, दादा, पाय सोडा. एवढ्या लांबून मला वाटाणे ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला ते ऐकू येत होते. मग गाडीच्या मागून निळा-पांढरा धूर निघाला आणि दादा कडेला गवतात जाऊन थांबले. पूर्ण जोरात एक फेरीसुद्धा झाली नाही. टोचन गाडीने आम्हाला घरी आणलं. दादा वाटेत एवढंच म्हणाले की धुकं कमी आहे, लवकर पोचू.

पंधरा दिवसांनी त्यांनी इंजिन खोललं. मी शेजारी उभी होते. तिसरा पिस्टन बाहेर काढून उजेडाकडे धरला. त्याच्या माथ्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते आणि एका बाजूचा तुकडा गायब होता. नॉकिंगची ही खूण मलाही वाचता येते. दादांनी तो कितीतरी वेळ फिरवून बघितला, मग फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्याच दिवशी शेजारच्यांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "पेट्रोल खराब होतं."

मग वहिनी हट्ट करून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मीही गेले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. एका जागेपासून रेघ धाडकन खाली गेली होती. ते म्हणाले, हे आजचं नाही, वरचे आवाज जाऊन पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. वहिनी रडल्या. दादांना धक्का बसलेला दिसला नाही. डॉक्टर कानाचं मशिन घ्या म्हणाले, दादांनी घेतलं. त्यातून सगळं भांड्यांसारखं वाजतं म्हणतात, आणि ते मशिन बहुतेक वेळ फ्रिजवर असतं.

पाच-सहा वर्षं. मी स्कूटरवर घरी येईपर्यंत तो आकडा डोक्यात फिरत होता. मग चार वर्षं दर रविवारी "आला" कोण म्हणत होतं? माझ्या कानाबरोबर कुणाचा कान जुळत होता? उत्तर समोर होतं, पण मला ते बघायचं नव्हतं.

फाल्गुनात एकदा दुपारी मी शेडमध्ये गेले. दादा रिकामं इंजिन रॉकेलने पुसत बसले होते, कुणासाठी ते माहीत नाही. मशिन कानात होतं. मी समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "दादा, त्या रविवारी मला आवाज आला होता."

"पता है," दादा म्हणाले. "पिस्टन बघितला तेव्हाच कळलं." ते पुसत राहिले. मग म्हणाले, "मला किती वर्षांपासून येत नाही, छोटी. मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. तुला आवाज आला की तुझी भुवई उचलायची. एकदा पण चुकली नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. माझं तोंड हेच त्यांचं मशिन होतं, आणि त्यांच्यावरच्या मायेने मीच ते बंद केलं होतं.

मी म्हणाले की इंजिन पुन्हा बांधू. ट्रॅक नसला तर नसू दे, बायपास आहे. मी बाजूला बसेन, मोठ्याने सांगेन, नियम मोडून सांगेन, प्रत्येक वेळी सांगेन.

दादांनी फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, जसं ते पिस्टनकडे बघत होते तसं.

"सांगशील," ते म्हणाले. "पण आता मला कसं पता चलणार, की तू खरं सांगतेस?"