माझ्या पाठीचे फोटो

मला गालगुंड झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. अर्धा वर्ग गाल सुजवून घरी बसला होता. उरलेल्या अर्ध्या वर्गाने ती सूज मोठ्या मनाने मला दिली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी खात्यापित्या घरची दिसून राह्यली." लग्नानंतरच्या दोन वर्षांतली ही त्यांची पहिलीच शाबासकी.

गाल उतरले. आठवड्याभराने फळ्यावर पाढे लिहिताना पाय बधिर झाले आणि मी खडूसकट खाली बसले, ती उठलेच नाही. संध्याकाळपर्यंत कमरेखालचं काहीच माझं राहिलं नव्हतं. लघवीही अडली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरूनच म्हणाले, "शाळेचा कंटाळा आला असन तिले." वैद्यकशास्त्रात त्यांना एवढीच गती होती, पण आत्मविश्वास दांडगा.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला एसटीच्या मागच्या बाकावर आडवं करून खामगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांकडे त्या काळी दुर्मिळ असलेलं एक्स-रेचं यंत्र होतं, आणि डिग्रीपेक्षा त्यांना त्याचाच अभिमान जास्त होता. आधी त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली, नळी तशीच ठेवली, मग पाठीचे दोन फोटो काढले.

"हाडं ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "पण हाडांच्या आत मज्जारज्जू असतो, तो या फोटोत दिसत नाही. उशीर न करता नागपूरला न्या."

नवऱ्याने घरी ही तिन्ही वाक्यं सांगितली. मामाजींनी पहिलं तेवढं ठेवून घेतलं.

पुढचे पाच दिवस आमच्या घरी माझ्या पाठीचं प्रदर्शन भरलं. येईल तो ती काळी फिल्म दाराच्या उजेडात धरायचा. शेजारच्या शिंपीकाकांना मणके वाकडे दिसले. तलाठ्यांना गाठ दिसली. ती गाठ नसून माझ्या पोटातला वारा होता, हे मला नागपूरला कळलं. फिल्म उलटी धरली आहे, असं मी खाटेवरून एकदा सांगून पाहिलं. पण मी पडले रोगी. माझ्या पाठीबद्दल मला कोण विचारणार?

सहाव्या दिवशी पडून पडून माझ्या कमरेला जखम होत असल्याचं नवऱ्याने पाहिलं. वडिलांसमोर मान वर न करणारा तो माणूस ओसरीवर गेला आणि त्याने त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली.

"बाबा, हे पाहनं आता बंद करा. तिचे पाय पाहा. मी तिले नागपूरले घेऊन चाललो."

"हाडाले काही झालं नाही, तं काऊन नेतं?"

"म्हणूनच नेतो," तो म्हणाला.

शेगावहून आम्ही रेल्वेने गेलो. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी पाठीत सुई घालून पाणी काढलं, तपासलं, आणि सांगितलं, "आत सूज आहे. पण एखादी गाठ मज्जारज्जूला दाबत नाही ना, ते पाहावं लागेल. दाबत असेल तर ऑपरेशन."

भर दुपारी ते लाल चष्मा लावून वॉर्डात फिरत होते. मला वाटलं, नागपूरची पद्धत असेल. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून तो असतो, हे अंधारखोलीत गेल्यावर समजलं. त्यांनी माझ्या पाठीत एक तेलकट औषध सोडलं, मला टेबलाला पट्ट्यांनी बांधलं आणि टेबल डोक्याच्या बाजूने खाली कलवलं. तेल कण्यातून मानेकडे कसं जातं ते त्यांना एक्स-रेच्या मंद पडद्यावर दिसत होतं. मला फक्त माझी भीती दिसत होती.

"दिसलं का काही?" मी विचारलं.

"काही अडलेलं नाही. मज्जारज्जू जरा जाड दिसतोय, बस. गालगुंडाच्या विषाणूचे उपद्व्याप. ऑपरेशन नको."

"मग काय करायचं?"

"थोडं औषध, पायांचा व्यायाम आणि वाट पाहणं."

एवढं उलटंपालटं करून हे ऐकायला मिळालं, तरी मी रडले. बाहेर नवराही रडला असावा. मला मात्र त्याने डोळ्यात धूळ गेल्याचं सांगितलं. पाठीतल्या सुईमुळे दोन दिवस माझं डोकं फुटायला आलं होतं. नागपूरला आल्याच्या अठराव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. नवऱ्याने तो तीनदा हलवायला लावला आणि चौथ्यांदा नर्सला बोलावून दाखवायला लावला.

दोन महिन्यांनी काठी टेकत घरी आले. मामाजी म्हणाले, "इतक्या दूर नेलं, अन् फोटोत काहीच नाही निघालं?" त्यांचा आवाज फसवणूक झाल्यासारखा होता. सासूबाईंनी मात्र माझी खाट चुलीजवळच्या उबेला हलवली.

शाळेत माझा वर्ग माडीवर. तो खाली आणावा म्हणून मी अर्ज केला. अर्जाला परवानगी हवी होती, आणि परवानगी देणाऱ्याला माझ्या रोगाचं नाव सवलतीच्या यादीत सापडत नव्हतं. तिसरीच्या मुलींनी यादी पाहिली नाही. त्यांनी बसायच्या पट्ट्या आणि फळा उचलून अंगणातल्या निंबाखाली आणला. मी वर्षभर तिथेच शिकवलं. डावा पाय आजही थोडा ओढत चालतो.