धक्का वर कसा आला?

बंदरावर तिला सगळे भरतीबाई म्हणतात. सासू म्हणते, "भरती कसली! आमच्या घरात हिची कायम ओहोटीच." म्हणजे सून घरात कमी आणि धक्क्यावर जास्त.

जुन्या धक्क्याच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. तिच्या फरशीतून एक जाड नळकांडं थेट समुद्रात उतरतं. लाटांचा दंगा बाहेर राहतो, नळकांड्यात पाणी शहाण्यासारखं हळू चढतं, हळू उतरतं. पाण्यावर तरंगणारा गोळा किती उंचीवर आहे ते वरचं यंत्र टिपत राहतं. यंत्र चालू ठेवायचं, नळकांड्यात वाढलेले शिंपले खरवडायचे आणि बाहेरच्या पट्टीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहून यंत्राचं खरं-खोटं करायचं, हे भरतीबाईचं काम. लागली होती बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून. आधीचे निरीक्षक निवृत्त झाले, वासामुळे त्या खोलीत कुणी जाईना, म्हणून हिला पाठवली. गेली ती गेलीच. बाळंतपणाच्या रजेत नवऱ्याला पट्टी वाचायला पाठवायची आणि तो परतला की उलटतपासणी घ्यायची, "लाट वर होती तेव्हा वाचलंत की खाली होती तेव्हा?" नवरा शिंपी. तो म्हणायचा, "माझं गिऱ्हाईक निदान श्वास रोखून उभं राहतं गं. तुझं राहत नाही."

या गिऱ्हाइकाची उंची वर्षाला वाढते जेमतेम दोन नाण्यांच्या जाडीइतकी. एवढंसं मोजायचं तर जिथून मोजायचं ती जागा हलता कामा नये. म्हणून धक्क्याच्या दगडात वाटोळ्या डोक्याचा एक पितळी खिळा बसवला आहे. या बंदरात समुद्राची उंची म्हणजे त्या खिळ्यापासूनची उंची. खिळ्याचा पत्ता हरवला तर आजवरची सगळी मापं म्हणजे नुसते आकडे.

आणि आता जुना धक्का फोडणार होते. पलीकडच्या नव्या धक्क्यावर नवं यंत्र बसलं होतं. फोडण्याआधी जुन्या खिळ्याची उंची नव्या धक्क्यावर नेऊन पोचवायची होती, म्हणजे नवं यंत्रही त्याच शून्यापासून मोजेल. त्यासाठी दुर्बीण आणि मापपट्टी घेऊन मोजणीखात्याची अधिकारी आली. वयाने भरतीबाईच्या मुलीएवढी, पण हाताने पक्की. मागच्या टेकाडावर खडकात दुसरा एक खिळा होता. दोन्ही खिळ्यांमधला उंचीचा फरक पहिल्यापासून ठाऊक होता. झुडपांमुळे तिकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. आधी तो फरक जुळवायचा, मग पुढे जायचं.

तो जुळेना.

"खडकाच्या मानाने धक्का वर आलाय," अधिकारी म्हणाली. "तीन मिलिमीटर."

"वर? मॅडम, धक्के खचतात. वर आलेला धक्का मी जन्मात पाहिला नाही."

"मलाही धक्काच बसलाय, ताई."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. खाली तराफ्यावर फोडायचं यंत्र घेऊन मुकादम ताटकळत होता. "तीन मिलिमीटर?" तो ओरडला. "भरतीबाई, माझ्या तळहाताचे घट्टे त्याहून जाड आहेत!"

"फरक दोन्हीकडे निम्मा निम्मा वाटून टाकू," अधिकारी हळू आवाजात म्हणाली. "एवढं चालतं."

"इतरांना चालत असेल. पण हे समुद्राचं एक अख्खं वर्ष आहे. ते कुठून आलं हे कळल्याशिवाय मी नव्या यंत्राला शून्य देऊ देणार नाही."

तेवढ्यात सासू डबा घेऊन आली. सून जेवायला घरी येणार नाही हे तिने सकाळीच ओळखलं होतं. धापा टाकत ती टेकली आणि समोरच्या लाल खिळ्याकडे बघून म्हणाली, "हाच का तो तुझा लाडका? तरीच म्हटलं, आमच्या दाराचा रंग दरवर्षी उरतो कसा आणि जातो कुठे! घरच्या दाराला एक हात नि या खिळ्याला दोन?"

"पितळ दिसलं की चोर उपटून नेतात, आई. म्हणून..." भरतीबाई बोलता बोलता थांबली.

अधिकारीबाईने मापपट्टी खाली ठेवली. "दरवर्षी दोन हात? किती वर्षं, ताई?"

"थोरली पोटात होती तेव्हापासून," सासूच म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!"

अधिकारीबाईने खिळ्यावरच्या रंगाचा जाड थर नखाने चाचपला. मग अधिकारी म्हणाली, "दरवर्षी यंत्राच्या तपासणीला येणाऱ्यांनी त्याच रंगावर पट्टी टेकवली. आज मीही टेकवली."

"तुम्ही टेकवलीत. फासला मी," म्हणत भरतीबाई उठली आणि धक्क्याच्या कडेला गेली. "मुकादम, टोकाकडून सुरुवात करा. हा भाग शेवटी."

"टोकाला पाणी आहे, बाई."

"तासाभरात उतरेल. आज उधाणाची ओहोटी आहे, तिथले खांब बुडापर्यंत उघडे पडतील. उद्यापासून ती कमी कमी होत जाईल. मग पंधरा दिवस पाण्यात हात घालून फोडत बसा."

मुकादमाने पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तराफा वळवला.

भरतीबाई शिंपले काढायची पातळ सुरी आणि रॉकेल घेऊन पालथी पडली. पितळेला ओरखडा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून रंग भिजवायचा, थांबायचं, पापुद्रा उचलायचा. लाल निघाला, खाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. सासू शेजारी बसून वर्षं ओळखत होती. "हा हिरवा धाकटीच्या परीक्षेच्या वर्षीचा. भयंकर दिसायचा. हा तुझ्या सासऱ्यांनी आणलेला." एकेक पापुद्रा ती तळहातावर घेत होती. शेवटी पिवळा वाटोळा माथा उघडा पडला.

अधिकारीबाईने खडकापासून पुन्हा सगळी वाट मोजत आणली. पट्टी पितळेवर टेकली. दुर्बिणीत बघता बघता तिने नुसती मान डोलावली. जुळलं होतं. मग ऊन कलायच्या आत दोघींनी ती उंची नव्या धक्क्यापर्यंत नेली आणि नव्या यंत्राला त्याचं शून्य मिळालं.

अवजारं भरताना अधिकारी म्हणाली, "अहवालात रंगाचं लिहायलाच हवं असं नाही, ताई. आज जुळलंय. तुमचीही दोनच वर्षं राहिली नोकरीची."

"आज जुळलंय. आधीचं काय? खिळा रंगाने वाढत गेला आणि दर तपासणीत निघालं की खिळ्याच्या मानाने माझं यंत्र खचतंय. खचत्या यंत्राला पाणी उगाच चढलेलं दिसतं, म्हणून तेवढं समुद्राच्या चढण्यातून वजा करत आले सगळे. म्हणजे तो चढला त्यापेक्षा आपण कमी दाखवला. किनाऱ्यावर घरं बांधणारे तो आकडा धरून जोतं बांधतात. लिहा, निरीक्षकाने खिळा रंगवला. कोणत्या वर्षापासून तेही लिहा."

"वरच्यांनी तुम्हाला जाब विचारला तर?"

"विचारू देत. कोणत्या वर्षी किती रंग होता ते सांगायला मीच लागणार त्यांना."

सासूने रुमालात जपून ठेवलेले पापुद्रे पुढे केले. "हे पण लावा कागदाला. क्रमाने ठेवलेत."

अधिकारीबाईने रुमाल घेतला आणि लिहायला बसली. भरतीबाईने मुकादमाला हात केला. या बाजूनेही आता फोडायला हरकत नव्हती.