नांदेडला गेलेल्या बाटल्या

आज मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, ते दिगंबर जोशी सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. चाकूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ते तांब्या घेऊन आमच्या बौद्ध वस्तीत यायचे, हापशावर तो भरायचे आणि तिथंच उभ्यानं पिऊन रिकामा करायचे. त्यांच्या स्वतःच्या गल्लीत गोड्या पाण्याची विहीर होती.

याची सुरुवात दुष्काळात झाली. गावची विहीर आटली आणि पाणी उरलं ते फक्त आमच्या वस्तीतल्या खोल हापशाला. एरवी आमच्या घागरीला न शिवणारी माणसंही तिथं रांगेत उभी राहिली. पण वस्तीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडत होते, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडत होते. "ह्या पाण्यानंच होऊन राहिलंय समदं," माझी चुलती धुरपताबाई म्हणायची. सरांनी ते मनावर घेतलं आणि नांदेडच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना लिहिलं : आमची मुलं पाणी गोळा करतील, तुम्ही तपासा.

प्राध्यापक जीपमधून आले. शाळेच्या पटांगणात बसून त्यांनी आम्हाला नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, मग काठोकाठ भरायची. माझं अक्षर बरं होतं म्हणून बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. सरांचा चेहरा त्या दिवशी लग्नघरच्या माणसासारखा फुलला होता. "कालेज म्हंजे शाळेचा थोरला भाऊ," ते म्हणाले. "फक्त थोरल्यानं नेलं, तर सांगायला परत यावं."

बाटल्या जीपमध्ये चढल्यावर धुरपताबाईनं विचारलं, "सर, मग तवर प्यावं का न्हाई?"

दुसरं पाणी नव्हतंच. "प्या," ते म्हणाले. "महिन्याभरात उत्तर येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या घेऊन आले. "ज्यांला प्या म्हणालो, त्यांच्याआधी मी पितो," एवढंच बोलले.

उत्तर आलं नाही. पाऊस पडला, विहीर भरली, गाव विहिरीवर परतलं. विहीर आमच्यासाठी नव्हती, त्यामुळे आम्ही हापशावरच राहिलो. आणि आमच्याबरोबर सरही. त्यांनी नांदेडला पत्रं लिहिली. मध्येच लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नव्या साहेबांना सांगून बघावं म्हणून ते लातूरला गेले. तिथं टेबलंसुद्धा अजून लागायची होती. तुमच्या गावचे कागद जुन्या जिल्ह्यातून यायचेत, असं कळलं. "जिल्हा बदलला, पण हापसा तिथंच हाय," सर परत येऊन म्हणाले.

धुरपताबाई त्यांना सोडायची नाही. "काय ओ सर, बाटल्या पिऊन टाकल्या व्हय तुमच्या नांदेडवाल्यांनी?"

"हाव. तहान लागली आसंल," सर म्हणायचे. "गोदावरी उशाला हाय, तरीबी." सगळे हसायचे. सर हसून झाल्यावर तांब्याकडे बघत राहायचे.

मी बारावी झालो, तेव्हा सर मला घेऊन अहमदपूरहून एसटीनं नांदेडला आले. प्रवेश झाला आणि आम्ही त्या प्राध्यापकांच्या विभागात गेलो. त्यांची केव्हाच बदली झाली होती. शिपाई म्हणाला, "कुणी काही सांगितलं न्हाई, म्हणून ठेवल्यात." कपाटावर आमच्या बाटल्या होत्या. माझं अक्षर धुळीखालूनही ओळखू येत होतं. सर स्टुलावर चढले, एक बाटली काढली आणि रुमालानं पुसली.

"झाकणबी उघडलं न्हाई रे," ते म्हणाले.

मग बाटली हातात धरूनच माझ्याकडे वळले. "बाटल्या पाठवून चुकलो. आता माणूस पाठवून बघतो."

शिकून, तिथंच शिकवायला लागून ती तपासणी हातात येईपर्यंत माझी बरीच वर्षं गेली. प्रत्येक सुट्टीत मी म्हणायचो, "सर, आता तरी ते पाणी थांबवा." त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "वस्ती थांबली का?"

शेवटची भेट दिवाळीतली. सर निवृत्त झाले होते, काठी टेकत हापशापर्यंत यायचे. दांडा आता धुरपताबाई मारायची. "सर, तुमच्या गुडघ्यानंच निकाल सांगितला की ओ!"

"गुडघ्याचा निकाल कचेरीत चालत न्हाई, धुरपताबाई. कागुद लागतो." आणि त्यांनी हापशाची आणि विहिरीची अशा दोन बाटल्या माझ्या पिशवीत ठेवल्या. विसळून, काठोकाठ भरून.

माझं पत्र गावात पोचलं, त्याच्या आदल्या दिवशी सर गेले. झोपेतच गेले. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, ते पाकीट उघडलं आणि वस्तीत, हापशापाशी, एका पोराला ते सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं. मी लिहिलं होतं ते असं :

आदरणीय सर, सादर प्रणाम.

झाकण उघडलं. एकदा तपासून माझा विश्वास बसला नाही, म्हणून पुन्हा तपासलं. हापशाच्या पाण्यात फ्लोराईड फार आहे. पोरांचे दात आणि तुमचे गुडघे, दोन्ही त्यामुळेच. उकळून ते जात नाही. विहिरीचं पाणी चांगलं आहे. विभागाच्या सहीशिक्क्याचा कागद सोबत जोडला आहे, तो कचेरीत चालेल. वस्तीच्या घागरी विहिरीवर लागायला हव्यात. कुणी आडवं आलं तर तुम्ही तिथं उभे राहाल, हे मला माहीत आहे. परीक्षा संपल्या की मी माझे विद्यार्थी घेऊन येतो आणि शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर हे सांगतो. थोरल्यानं सांगायला परत यावं, असं तुम्ही म्हणाला होतात.

तोवर एकच विनंती. उद्या सकाळी तांब्या घेऊन निघाल, तर दारातच थांबा. ते पाणी आता पिऊ नका, सर.