सुमनकाकूंचं धान आणि साडूचा कॅमेरा

यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, सासरी गेलो होतो... सिहोऱ्याजवळ. दंडारीचं लोकनाट्य सुरू होण्याआधी मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. माझे दोन शब्द किती लांबतात, हे इथल्या मित्रांना माहीत आहेच.

सगळा गाव मैदानात. मी ऐन भरात. तेवढ्यात एकजण ओरडत आला, "प्रकाश पडला न जी तलावाजवळ!"

प्रकाश म्हणजे माझा मेव्हणा. वरठीहून ड्युटी करून मोटरसायकलनं घरी येत होता. आम्ही धावत पोचलो तर तो रस्त्यावर बेशुद्ध, पाय भलत्याच दिशेला वळलेला... आणि रस्ताभर धान पसरलेलं.

धान सुमनकाकूंचं. त्या एकट्या राहतात. दरवर्षी त्याच अरुंद रस्त्याच्या एका कडेला धान वाळवतात, भोवती दगडांची ओळ लावून. आमच्याकडे कापणीनंतर अर्धा रस्ता धानाचा असतो, कोणालाच त्यात काही वाटत नाही. अपघात झाला की मात्र वाटतं.

गावानं तिथल्या तिथे निकाल लावला. गाडी धानावरून घसरली, दोष सुमनकाकूंचा. काकू म्हणत राहिल्या, "मी तं मंडईत होती जी... माहं धान कडेलेच होतं." ऐकतो कोण? माझ्या बायकोनं, प्रकाशच्या सख्ख्या बहिणीनं, त्यांच्याकडे पाहायचंही सोडलं.

प्रकाशच्या पायाचं भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. त्याला आठवत होता फक्त एक हॉर्न. मी त्याची मोटरसायकल पाहिली. मागचा मडगार्ड चेपला होता. घसरलेल्या गाडीचा मागचा मडगार्ड चेपतो कसा?

मग मी बोललो. सासरच्या अंगणात, सगळ्या भाऊबंदांसमोर. एका एकट्या बाईला पुराव्याशिवाय गुन्हेगार ठरवणारा गाव कसला, धान वाळवायला दुसरी जागा कोणी दिली तिला, मागून धडक देऊन पळणारा मोकळा आणि ही कोंडीत... आयुष्यात इतकं चांगलं मी क्वचितच बोललो असेन. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

आणि चुलत सासरे म्हणाले, "जवाईबापू, बोलता लय भारी. पन पाहिलं कोनं?"

कोणीच नव्हतं पाहिलं. सगळे माझं भाषण ऐकत होते ना...

तेव्हा मला आठवली विलासची गाडी.

विलास माझा साडू. तुमसरला तांदळाचा व्यापार. लागोपाठ चार वाक्यं बोलायची वेळ आली तर त्याला घाम फुटतो. मंडईच्या सकाळी मात्र नव्या गाडीच्या काचेवरचा कॅमेरा सगळ्यांना दाखवत होता. गाडी उभी असली तरी समोर काही हललं की आपोआप रेकॉर्डिंग करतो म्हणे. मी हसलो होतो. गर्दीमुळे त्यानं गाडी तलावाजवळच लावली होती, आणि संध्याकाळी दवाखान्याच्या धावपळीत तशीच तुमसरला नेली.

खरं सांगतो, त्याला फोन लावणं जिवावर आलं होतं. सासरी बोलण्याचा मान होता तो माझा. नवी गाडी त्याची, पैसा त्याचा, निदान शब्द तरी माझे होते... पण जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, हेही त्यानंच सांगितलं होतं. रात्र तशीच काढली आणि सकाळी लावला फोन.

"काहून भाऊ, आता आठवला काय माहा कॅमेरा?"

तासाभरात स्वतः गाडी घेऊन आला. अंगणात मोबाईलभोवती गर्दी. व्हिडिओत धान कडेला, दगडांच्या ओळीत, अगदी नीट. अर्धा रस्ता मोकळा. प्रकाश शांतपणे आपल्या बाजूनं येतोय... मागून एक पिकअप भरधाव येते, धानात घुसून पुढे काढायला बघते, दगडांवर उसळते आणि प्रकाशला उडवते. धान रस्ताभर फेकलं जातं. पिकअप क्षणभर थांबते. मग निघून जाते.

धानामुळे अपघात झाला नव्हता. अपघातामुळे धान पसरलं होतं.

 व्हिडिओत मागून लाऊडस्पीकरवरचा माझा आवाज घुमत होता. विलासनं विचारलं, "आवाज कमी करू काय भाऊ? लय गरजून राहिले तुमी."

अंगण हसलं. मीही हसलो... दात दाखवून.

व्हिडिओ थांबवल्यावर नंबर स्पष्ट दिसला. पोलिसांनी गाडी शोधली, फुटलेल्या दिव्यासकट. ड्रायव्हरनं कबूल केलं.

तेव्हापासून सासरी विलास, विलास आणि विलास. पाटावर आधी विलास, मटणाचा चांगला तुकडा विलासला. गावानं त्याचा सत्कार ठरवलाय, आणि त्याच्याबद्दल चांगलं कोण बोलेल म्हणून भाषण माझ्याकडे. फोन मी केला होता, हे कोणालाच आठवत नाही. मी किती पुस्तकं वाचली, किती मंच गाजवले... आणि जिंकली काचेला चिकटवलेली एक मुकी डबी. जळतो मी. साफ जळतो.

काल प्रकाशला पाहायला पुन्हा गेलो. बायको माझ्याआधी गाडीतून उतरली ती थेट सुमनकाकूंकडे.  पदर खोचला आणि त्यांच्यासोबत धान पायानं फिरवू लागली.

काकूंनी मला पाहिलं. "या जवाईबापू... तुमी बोलले त्या दिवशी मी घरात जेवली. तवापर्यंत घास उतरत नोहता."

व्हिडिओ यायच्या आधीच्या त्या रात्री... काकू जेवल्या होत्या.

सत्काराचं भाषण मी मनापासून करणार आहे. लांबणार मात्र नक्की.